रुग्णांचे लेखी अभिप्राय आणि रुग्णालयातल्या सुधारणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभिप्राय पत्रक नाही असं रुग्णालय आता शोधावं लागेल. ती पत्रकं वाचून कुठलं तरी काम बदललेलं रुग्णालय मात्र अजूनही शोधावंच लागतं. पुढची उत्तरं आहेत ३० ते ३०० खाटांच्या खासगी, धर्मादाय किंवा सरकारी रुग्णालयांत व्यवस्थापक, मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख), गुणवत्ता समन्वयक किंवा पीआरओ (जनसंपर्क अधिकारी) म्हणून काम करणाऱ्यांसाठी.

आम्ही पाचपैकी गुण घेतो. मग वेगळं लिहून कशाला घ्यायचं?

गुण सांगतात की कुठेतरी दुखतंय. कुठे, ते सांगत नाहीत. "स्वच्छता : ३.८" या आकड्यावरून उद्या सकाळी कोणी काय करायचं? पण "दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या संडासाची कडी आतून लागत नाही, सून बाहेर उभी राहायची" या वाक्यात जागा, वस्तू आणि रुग्णाने सोसलेला त्रास, तिन्ही आहेत. सुतार बोलावला की अर्ध्या तासाचं काम.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे गुण देताना माणसं भिडस्त असतात. पाचपैकी पाच देतात आणि खाली लिहितात, "बाकी सर्व ठीक, फक्त रात्री सिस्टर लवकर येत नाहीत." सगळं त्या 'फक्त'नंतर असतं. गुणांची सरासरी काढणारा तक्ता ते कधीच दाखवत नाही.

पत्रकात किती प्रश्न असावेत?

ए-फोर कागदाच्या एका बाजूवर मावतील एवढेच. पंचवीस चौकोन भरून दमलेला माणूस शेवटच्या 'सूचना' या ओळीत "काही नाही" लिहितो. मोकळे प्रश्न वर घ्या, गुणांचे खाली. मोकळे प्रश्न दोन पुरतात:

"इथे असताना कोणती गोष्ट बरी वाटली?"
"कोणत्या वेळी त्रास झाला किंवा काळजी वाटली? कधी, कुठे, काय झालं ते लिहा."

'तक्रार' हा शब्द टाळा. तक्रार म्हटलं की कोणाच्या तरी नोकरीवर येईल, असं वाटून लोक हात आखडतात. 'सूचना' मागितली तर "एसी बसवा" अशी मागणी मिळते, घडलेला प्रसंग मिळत नाही. प्रसंगच हवा असतो. प्रत्येक प्रश्नाखाली किमान सहा ओळी मोकळ्या ठेवा; एक ओळ ठेवली तर एकच शब्द येतो. वॉर्ड आणि तारीख आपणच शिक्क्याने टाका. नाव आणि मोबाइल ऐच्छिक ठेवा आणि तसं स्पष्ट छापा. 'लिहिणारी व्यक्ती : रुग्ण / नातेवाईक' असा चौकोन मात्र हवाच. आपल्याकडे बहुतेक पत्रकं नातेवाईक भरतात आणि त्यांचे त्रास वेगळे असतात: रात्री झोपायला जागा, कॅन्टीन, पार्किंग, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन होणारी पळापळ. रुग्णाला सलाइनच्या सुईची जागा दुखत होती, हे नातेवाइकाला ठाऊक असेलच असं नाही.

पत्रक कधी आणि कोणी द्यायचं?

बिलाच्या खिडकीवर नको. तिथे माणसाच्या डोक्यात एक तर रक्कम असते, नाही तर बाहेर थांबलेली रिक्षा. घरी सोडायचं ठरल्यावर आणि बिल हातात पडण्याआधी जो वेळ जातो, तो सगळ्यात चांगला.

देणारी व्यक्ती त्या वॉर्डातली नसावी. ज्या सिस्टरने सकाळी इंजेक्शन दिलं, तीच पत्रक घेऊन समोर उभी राहिली तर कोण खरं लिहील? पीआरओ, समाजसेवा अधीक्षक किंवा प्रशिक्षित स्वयंसेवक यांनी द्यावं, पाकीट सोबत द्यावं आणि भरताना शेजारी थांबू नये. फुले जन आरोग्य योजनेचा रुग्ण असेल तर आरोग्यमित्राकडूनही (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) नको. योजनेची मंजुरी त्यांच्या हातात आहे असा लोकांचा समज असतो, मग पत्रकावर कौतुकच येतं.

घरी गेल्यावर चार-पाच दिवसांनी केलेला फोन वेगळ्या गोष्टी बाहेर काढतो. गोळ्या कशा घ्यायच्या ते कळलं नाही, टाके कधी काढायचे ते सांगितलं नाही, डिस्चार्ज कार्डावरचं अक्षर लागत नाही. हे वॉर्डात असताना कोणीच लिहीत नाही, कारण तेव्हा ते लक्षातच आलेलं नसतं. फोनवर ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत टिपा.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय?

त्यांच्या वतीने लिहून घ्या, पण दोन पथ्यं पाळा. लिहिणारा वॉर्डाबाहेरचा असावा, आणि त्याने वाक्य 'नीट' करू नये. "मावशी खेकसायच्या" याचं "कर्मचाऱ्यांचे वर्तन असमाधानकारक" झालं की चिठ्ठी मेली. सीमाभागात कन्नड, खानदेशात अहिराणी, तळकोकण-गोव्यात मालवणी-कोंकणी, मुंबईत हिंदी. ज्या भाषेत सांगितलं त्या भाषेत देवनागरीत टिपून घ्या, अर्थ नंतर लावता येतो. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं लावण्याची पद्धत आहे, पण चेहऱ्यावरून कडी तुटल्याचं कळत नाही.

आमच्याकडे प्रत्येक पत्रकावर "सर्व छान" असंच येतं. याचा अर्थ सगळं छान आहे?

बहुधा नाही. आधी पत्रकं टेबलावर पसरा आणि पाहा. एकाच पेनची शाई, एकच वळण, सलग तारखा दिसल्या तर पत्रकं वॉर्डातच बसून भरली आहेत. महिन्याला अमुक पत्रकं हवीत असा कोटा मेट्रनच्या माथी मारला की हे होतंच. तिचा दोष कमी, कोट्याचा जास्त.

अक्षरं खरी असतील तर भीती तपासा. सूचनापेटी नर्सिंग स्टेशनच्या समोर आहे का? किल्ली वॉर्ड इन्चार्जकडे आहे का? पेटी जिन्याजवळ किंवा लिफ्टच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर हलवा आणि किल्ली अधीक्षकांच्या कार्यालयात ठेवा. आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी दोघांनी मिळून उघडा आणि किती चिठ्ठ्या निघाल्या याची नोंद त्याच क्षणी वहीत करा. ज्या पेटीच्या कुलपावर गंज चढलाय ती कोणी उघडत नाही, हे रुग्णांना आपल्याआधी कळतं.

क्यूआर कोड लावायला हरकत नाही, पण कागद बंद करू नका. कोड लावल्यावर तरुण नातेवाइकांचे अभिप्राय वाढतात आणि साठीपुढच्या रुग्णांचे नाहीसे होतात.

वाचायचं कोणी, आणि वर्गवारी कशी करायची?

दोघांनी वाचायचं: एक नर्सिंगमधली व्यक्ती, एक नर्सिंगबाहेरची. प्रत्येक चिठ्ठी पूर्ण वाचा, मग तिचे मुद्दे सुटे करा. "डॉक्टर देवमाणूस, पण एक्स-रेला दीड तास बाकड्यावर बसवलं आणि पंखा बंद होता" यात तीन मुद्दे आहेत: एक कौतुकाचा, एक थांबण्याचा, एक दुरुस्तीचा. तक्त्यात तीन ओळी करा. रकाने एवढे पुरे: तारीख, वॉर्ड, मूळ वाक्य जसंच्या तसं, वर्ग, गांभीर्य, उपचाराचा टप्पा, जबाबदार व्यक्ती, काय केलं, कधी केलं.

वर्ग स्वतः शोधत बसण्यापेक्षा तयार चौकट घ्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये रुग्णांच्या तक्रारपत्रांसाठी एक चौकट मांडली. तिच्यात तीन गट आणि सात वर्ग आहेत. उपचारांच्या गटात दर्जा आणि सुरक्षितता. व्यवस्थापनाच्या गटात परिसर आणि कार्यपद्धती. नात्याच्या गटात ऐकून घेणं, सांगणं, आणि आदर व हक्क. यातली सर्वांत उपयोगी विभागणी म्हणजे 'ऐकून घेणं' आणि 'सांगणं' वेगळे ठेवणं. "हाताला सूज आली म्हणून सांगत होते, कोणी पाहिलं नाही" हे न ऐकणं. "ऑपरेशन पुढे ढकललं ते संध्याकाळी कळलं" हे न सांगणं. दुसऱ्यावर उपाय साधा असतो: कोणी, किती वाजता, कोणाला सांगायचं ते ठरवणं. पहिलं जास्त धोक्याचं, कारण ती सूज खरोखर सलाइन शिरेबाहेर गेल्याची असू शकते.

पहिल्या पन्नास मुद्द्यांची वर्गवारी दोघांनी एकमेकांना न दाखवता करावी आणि मग ताडून पाहावी. दहापैकी आठपेक्षा कमी ठिकाणी जुळत असेल तर वर्गांच्या व्याख्या नीट लिहिलेल्या नाहीत, असं समजा. व्याख्या उदाहरणासकट भिंतीवर लावा.

सगळ्यात जास्त मुद्दे 'वागणूक' या सदरात येतात. प्रशिक्षण ठेवायचं का?

लगेच नको. 'वागणूक' हे सदर म्हणजे घरातली अडगळीची खोली; कुठे ठेवायचं ते न कळलेलं सगळं तिथे जातं. त्यातल्या तीस चिठ्ठ्या पुन्हा वाचा आणि प्रत्येकीपुढे 'नेमकं काय केलं किंवा केलं नाही' ते लिहा. बेल वाजवली, कोणी आलं नाही. विचारलं, तर "डॉक्टरांना विचारा" म्हणाले. स्ट्रेचर ढकलायला मामांनी पैसे मागितले. पडदा न ओढता कॅथेटर घातला. हे चार वेगळे आजार आहेत. पहिल्यामागे रात्री दोनच सिस्टर असणं असेल, दुसऱ्यामागे राउंडची टिपणं न वाचता येणं, तिसऱ्यामागे लाचेची सवय, चौथ्यामागे पडद्याचा अडकलेला रूळ. सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून 'मृदू भाषा' शिकवणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

एका चिठ्ठीवरून काही बदलावं की पुरेशा चिठ्ठ्या जमेपर्यंत थांबावं?

मुद्द्यावर अवलंबून आहे. तुटलेली कडी, बंद पंखा, निसरडी पायरी यांना एक चिठ्ठी पुरे; जाऊन पाहा, खरं असेल तर दुरुस्त करा. रोजचं काम बदलायचं असेल तर मात्र तीन-चार आठवड्यांच्या चिठ्ठ्या एकत्र पाहा.

एक चूक टाळा: लेखी अभिप्रायांवरून टक्केवारी काढून "८२ टक्के रुग्ण समाधानी" असं छापू नका. लिहिणारे बहुधा फार सुखावलेले किंवा फार दुखावलेले असतात; मधले गप्प राहतात. इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत २०१३ पासून 'फ्रेंड्स अँड फॅमिली टेस्ट' आहे. "मित्रांना-नातेवाइकांना इथे यायला सांगाल का" हा तिचा मूळ प्रश्न २०२० मध्ये बदलून "एकूण अनुभव कसा होता" असा केला गेला, आणि सोबत मोकळा लेखी प्रश्न ठेवला. तिथेही या चाचणीच्या आकड्यांवरून एका रुग्णालयाची दुसऱ्याशी तुलना करू नये, असंच सांगितलं जातं.

कोणती चिठ्ठी त्याच दिवशी वर जायला हवी?

चुकीचं औषध किंवा चुकीच्या रुग्णाला औषध, पडणं, अंगाला लावलेला अनुचित हात, मारहाण, पैशांची मागणी, संमतीशिवाय केलेली प्रक्रिया, मुदत संपलेलं औषध, आणि "मला जगायचं नाही" अशा अर्थाचं काहीही. यांना मासिक बैठक नाही. पेटी उघडणाऱ्याने त्याच तासात वैद्यकीय अधीक्षकांना फोन करायचा आणि मूळ कागद सीलबंद पाकिटात द्यायचा. पेटी आठवड्यातून दोनदाच उघडते, म्हणून पेटीवर मोठ्या अक्षरांत तातडीचा फोन क्रमांक हवा. तो क्रमांक रात्री दोन वाजता स्वतः लावून पाहा, उचलला जातो का ते.

चिठ्ठीपासून बदलापर्यंत जायचं कसं?

दोन उदाहरणं, एक छोटं आणि एक मोठं.

छोटं: "बाथरूमला वास येतो." हा मुद्दा 'अस्वच्छता' या सदरात पडतो, हाउसकीपिंगच्या पर्यवेक्षकाला मेमो जातो आणि फिनेल दुप्पट होतं. आठ दिवसांनी फिनेलसकट वास येतो. जाऊन पाहिलं तर फरशी लख्ख असते. वास नहाणी ट्रॅपमधून येत असतो. त्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी साचलेलं राहावं लागतं; तेच गटाराच्या हवेला अडवतं. बाथरूम कमी वापरात असेल तर उन्हाळ्यात ते पाणी सुकतं, आणि पंखा बाहेर हवा फेकत असेल तर गटाराची हवा आणखी ओढली जाते. उपाय म्हणजे सफाईच्या तक्त्यात 'ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी' ही एक ओळ, आणि आतली वाटी जागेवर आहे का ते पाहणं. चिठ्ठी खरी होती, आपण लावलेला अर्थ चुकला होता. म्हणून वर्गवारीनंतरची पायरी नेहमी 'जागेवर जाऊन पाहणं' हीच.

मोठं: "सकाळी दहाला घरी जा म्हणाले, सोडलं संध्याकाळी सहाला." ही तक्रार जवळजवळ प्रत्येक रुग्णालयात असते आणि दोष बहुतेकदा विमा कंपनीवर टाकला जातो. आधी मोजा. सलग वीस रुग्णांच्या बाबतीत सहा टप्प्यांची वेळ टिपा: डॉक्टरांनी सोडा म्हटलं, समरी (घरी सोडतानाचा उपचारांचा गोषवारा) तयार झाली, उरलेली औषधं फार्मसीत परत गेली, अंतिम बिल झालं, विम्याची मंजुरी आली, रुग्णाने खाट सोडली. कागद विमा कंपनीकडे किती वाजता गेले, हे वेगळ्या रकान्यात. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे, आणि उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे आकारले तर ते कंपनीने सोसायचे आहेत. पण घड्याळ सुरू होतं ते आपण कागद पाठवल्यावर. कागदच दोन वाजता गेले असतील तर पाचला मंजुरी येणं नियमातच बसतं.

अडतं कुठे? सगळे कन्सल्टंट अकरा-बाराच्या सुमारास राउंड घेतात आणि आठ समरी एकाच आरएमओच्या (निवासी डॉक्टरच्या) टेबलावर एकदम पडतात. मग औषध परतीची रांग, मग लॅबचा शेवटचा आकार बिलात न चढलेला, मग जेवणाची सुट्टी. उपाय आदल्या संध्याकाळी सुरू होतो. सहा वाजता 'उद्या बहुधा घरी' ही यादी काढायची, समरीचा कच्चा मसुदा रात्रपाळीच्या आरएमओने लिहायचा, नको असलेली औषधं रात्रीच परत करायची, सकाळच्या राउंडमध्ये त्या खाटा आधी घ्यायच्या. सुरुवात एका वॉर्डात दोन आठवडे करा. सगळ्या रुग्णालयात एकदम सुरू केलं की नव्याचे नऊ दिवस होतात आणि कुठे फसलं तेही कळत नाही.

सुधारणा झाली हे ओळखायचं कसं?

चिठ्ठ्या कमी झाल्या म्हणून नव्हे. पत्रकं कमी वाटली गेली तरी त्या कमी होतात. दर १०० डिस्चार्जमागे त्या मुद्द्याच्या किती चिठ्ठ्या आल्या ते दर आठवड्याला आलेखावर मांडा, मधोमध मध्यकाची (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मध्ये येणाऱ्या आकड्याची) रेघ काढा. सलग सहा किंवा जास्त बिंदू रेघेच्या एकाच बाजूला गेले तर बदल खरा असण्याची शक्यता चांगली. एका आठवड्याच्या चढउतारावर कोणाचं कौतुकही नको आणि कानउघाडणीही नको. शेजारी प्रत्यक्ष मोजमाप ठेवा: खाट सोडण्याची वेळ, बेलला प्रतिसादाची मिनिटं. रात्रीच्या आवाजाच्या चिठ्ठ्या असतील तर डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेने वॉर्डात रात्री सरासरी ३० डेसिबलची पातळी सुचवली आहे. घासलेल्या चाकांची स्टीलची ट्रॉली एकदा वॉर्डातून नेली की हा आकडा किती लांबचा आहे ते कळतं.

चिठ्ठीत कर्मचाऱ्याचं नाव असेल तर?

कौतुक असेल तर नावासकट, मूळ वाक्य, त्याच आठवड्यात त्या व्यक्तीला वाचून दाखवा. सफाई कामगार आणि वॉर्डबॉयना ही वाक्यं कधी कोणी दाखवत नाही, म्हणून अभिप्राय म्हणजे मेमोच, असं त्यांच्या मनात बसतं. दोष असेल तर मासिक बैठकीच्या तक्त्यात नाव झाका. चौकशी स्वतंत्र करा, ड्यूटी तक्ता तपासा आणि त्या व्यक्तीचं म्हणणं ऐका. एकाच नावाच्या चार चिठ्ठ्या एकाच वेळच्या असतील तर माणसाआधी पाळी पाहा. चारही रात्री ती एकटीच होती, असं निघू शकतं.

"रुग्णाला वैद्यकातलं काय कळतं?" असं डॉक्टर म्हणतात.

औषधाची निवड त्याला कळत नाही, हे खरं. पण गोळी आठला यायची ती अकराला आली, जुना एक्स-रे कोणी पाहिला नाही, सकाळचे डॉक्टर आणि संध्याकाळचे डॉक्टर वेगळं सांगत होते, हे त्यालाच कळतं. पाळी बदलली तरी खाटेवर तोच असतो. डॉक्टरांना टक्केवारी दाखवू नका. त्यांच्याच वॉर्डातल्या पाच चिठ्ठ्या, नावं झाकून, शब्दशः वाचा. वाद तिथे बराच कमी होतो.

रुग्णाला उत्तर द्यायचं का?

नंबर दिला असेल तर हो, आठवड्याच्या आत. काय सापडलं, काय केलं, काय करता येणार नाही आणि का, एवढंच सांगा. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे" हे उत्तर नव्हे, पोच आहे. नंबर नसलेल्यांसाठी ओपीडीबाहेर फलक लावा, दर महिन्याला तीन-चार ओळी: काय लिहिलं होतं, काय केलं, कोणत्या तारखेला. न जमलेली एखादी गोष्टही लिहा, फलकावर विश्वास त्यामुळेच बसतो.

गूगलवरच्या परीक्षणांना उत्तर देताना रुग्णाच्या आजाराबद्दल, बिलाबद्दल एक शब्द नको, तो स्वतः लिहून मोकळा झाला असला तरी. गोपनीयतेचं बंधन आपल्यावर आहे, त्याच्यावर नाही.

हे सगळं सॉफ्टवेअर वाचून देईल का?

हजारो अभिप्राय असतील तर पहिली चाळणी म्हणून चालेल. पण "छान सोय आहे, तीन तास उभं राहायची" हे वाक्य यंत्र कौतुकात टाकू शकतं. "बरं आहे" म्हणजे चांगलं की जेमतेम, ते गावाप्रमाणे बदलतं. महिन्याला दोनशे चिठ्ठ्या असतील तर दोन माणसं, दोन दुपारी, काम संपलं. नाव, नंबर, आजार असलेला मजकूर कुठल्याही सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही जबाबदारी रुग्णालयावर टाकली आहे.

एनएबीएच किंवा एनक्यूएएससाठी हे पुरेसं आहे का?

एनएबीएच (रुग्णालयांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) आणि एनक्यूएएस (सरकारी रुग्णालयांसाठीची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं) या दोन्हींत अभिप्राय घेण्याबरोबर त्यावर काय केलं ते विचारतात. एनक्यूएएसच्या आठ विभागांपैकी गुणवत्ता व्यवस्थापनाच्या विभागात रुग्ण आणि कर्मचारी या दोघांच्या समाधानाची व्यवस्था मागितली आहे. कर्मचाऱ्यांचा भाग बरेच जण विसरतात. सरकारी रुग्णालयांसाठी केंद्राचं 'मेरा अस्पताल' २०१६ पासून आहे, त्यात एसएमएस, फोन, ॲप आणि संकेतस्थळावरून मत घेतलं जातं. त्यातून असमाधानाचं ढोबळ कारण कळतं. कुठला वॉर्ड, कुठली कडी, ते आपल्या कागदावरच मिळणार. मूल्यांकनाला आलेल्या व्यक्तीसमोर शंभर पत्रकांची फाइल ठेवण्यापेक्षा एक चिठ्ठी, तिची तक्त्यातली ओळ, जागेवरच्या पाहणीची नोंद, बदललेला सफाई तक्ता आणि त्यानंतरचा आलेख असे पाच कागद एकाला एक टाचून ठेवा.